हरिहरच्या पायऱ्यांवर लागलेला पाय

हरिहर गडावर निघायच्या दिवशी दुपारी माझ्या मित्राच्या आईने मला मळ्याच्या फाटकाशी थांबवलं. भाकऱ्यांचं फडकं द्यायच्या निमित्ताने ती बाहेर आली होती.

"मास्तर, ह्यांना माघारी आना," ती म्हणाली.

"आणणारच की, आई."

तिने मान हलवली. माझं उत्तर तिला पुरलं नव्हतं. "पोरगं गेल्यापासून मानूस बोलत नाय. इतके दिवस मी त्यांना विहिरीवर एकटं बसू दिलं नाय. आनि आता म्हनत्यात, गडावर जातो. तुम्ही ध्यान ठेवा. माघारी आना."

मी फडकं घेतलं. भाकऱ्या अजून गरम होत्या. त्याचे बाबा आत विहिरीशी, मोटेच्या बैलांच्या धावेवर उभे राहून शेवंती खुडत होते आणि आमच्याकडे पाहत नव्हते.

तिचा मुलगा आमच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. मी त्याच शाळेत मराठी आणि इतिहास शिकवीत असे. त्याच्या घरचा फुलांचा मळा नाशिक शहराबाहेर, नदीच्या अंगाला. गुलाब, शेवंती, झेंडू, सगळं पहाटे डोक्यावरून बाजारात जायचं. त्या घरात शिकून नोकरीला लागलेला तो पहिला. श्रावणात त्याला विषमज्वर झाला आणि एकविसाव्या दिवशी तो गेला. मी शेवटचे तीन दिवस तिथे होतो. त्यावर याहून जास्त मला अजूनही लिहिता येत नाही.

आम्ही चौघे मित्र होतो. तो, मी, भांडीबाजारात दुकान असलेला एक आणि कोर्टात कारकून असलेला एक. आमचं वर्ष पाडव्याला बदलतं, पण शाळेला आणि कोर्टाला सुट्टी नाताळात. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी हरिहर चढायचा, असा आमचा सात वर्षांचा नेम होता. आदल्या संध्याकाळी सर्व्हिस मोटारीने त्र्यंबक, तिथे धर्मशाळेत मुक्काम, आणि उजाडायच्या आत चालायला सुरुवात.

ज्यांनी हरिहर पाहिला नाही त्यांना त्या पायऱ्यांची कल्पना द्यायला हवी. डोंगराच्या माथ्याशी सरळ उभा कातळ आहे आणि त्याच कातळात पायऱ्या खोदल्या आहेत. चढताना गुडघा पुढच्या पायरीला लागतो. पावलांनी झिजून पायऱ्या मधोमध वाटीसारख्या झाल्या आहेत. दोन्ही कडांना हात घालायला खोबणी आहेत, बाकी काही नाही. चढताना माणूस वर बघतो, त्यामुळे निभतं. उतरताना मात्र कातळाकडे तोंड करून उलटं उतरावं लागतं आणि पाय ठेवायची जागा दिसत नाही.

पहिल्या वर्षी मी मधेच अडकलो होतो. पाय खाली सोडला तर पायरी लागेल यावर माझा विश्वासच बसेना. तेव्हा तो माझ्या खाली आला, माझी टाच मुठीत धरली आणि पायरीवर नेऊन ठेवली. "डावा. खाली. टेकला का?" मी म्हणालो, "टेकला." मग उजवा. तळापर्यंत हेच चाललं. दुसऱ्या वर्षापासून न सांगताच तो माझ्या खाली राहू लागला. सात वर्षं मी त्या पायऱ्या त्याच्या हातावर उतरलो. जिन्यावर बोलायचं ते फक्त खालच्याने, आणि वरच्याने "टेकला" एवढंच म्हणायचं, असा नियमही मग ठरून गेला.

बाबांना हा नेम कधीच पसंत नव्हता. दर वर्षी आम्ही निघालो की ते कुरकुरायचे, "एक दिवस पडशील. मग रंगवीत बस चित्रं." त्या रात्री ते झोपत नसत, हे मला तो गेल्यावर त्याच्या आईकडून कळलं.

त्या वर्षी आम्ही तिघांनी जायचं नाही असं न बोलता ठरवलं होतं. नाताळची सुट्टी लागली त्या दिवशी बाबा शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्याला मुंडासं, पायांत काही नाही.

"कवा निघायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठे, बाबा?"

"गडावर. मी येनार हाय."

मी पायऱ्यांचं सांगितलं, थंडीचं सांगितलं, वयाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं, "कवा निघायचं?"

त्र्यंबकहून आम्ही त्यांच्यासाठी छकडा केला. गाडीवाला पहाटेच्या थंडीत घोंगडीत तोंड खुपसून बैल हाकत होता. भांडीवाला आणि कारकून गाडीमागे चालत होते. मी बाबांच्या शेजारी बसलो होतो. त्यांच्या मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेली शेवंती होती. उजाडता उजाडता हरिहरची काळी बाजू समोर आली आणि त्यांनी विचारलं, "ह्योच का?"

"हाच."

"वरून खाली किती खोल आसंल?"

"फार नाही," मी म्हणालो. त्या क्षणापासून मी त्यांच्यावरची नजर काढली नाही. गाडीतून उतरताना, जंगलातून चढताना, मी त्यांच्या मागे दोन हातांवर होतो. ते पाणी प्यायला थांबले की मी थांबायचो. एकदा ते वळून म्हणाले, "मास्तर, पुढं व्हा की. मी काय ढोर हाय का हाकायला?" कारकुनाला हसू आलं. मी मात्र मागेच राहिलो.

पायऱ्यांच्या तळाशी भांडीवाला दर वर्षी एकच विनोद करायचा. तो अंगाने जाड. "मला सगळ्यांत खाली ठेवा रे," म्हणायचा, "जो पडेल तो निदान मऊ तरी पडेल." त्या दिवशी त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

बाबा त्याच्याकडे बघत होते. "बोला की. त्यो सांगायचा, हितं तुम्ही कायतरी बोलता आनि सगळे हसता म्हनून."

भांडीवाल्याने विनोद केला. कोणीच हसलं नाही. बाबांनी मान डोलावली आणि पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला.

चढताना काही झालं नाही. त्यांना विहिरीच्या पायऱ्यांची सवय होती. ते हळू पण न थांबता चढले. दरवाजा आला, पुढची कातळातली वाकून जायची अरुंद वाट आली, पुन्हा पायऱ्या आल्या. त्या वाटेवर एका बाजूला काहीच नाही. मी त्यांच्या धोतराच्या सोग्याकडे बघत पुढे सरकत होतो आणि माझी स्वतःची भीती मला आठवलीसुद्धा नाही. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की मी पडेन. त्या दिवशी पहिल्यांदा वाटत होतं की दुसरं कोणी पडेल, आणि ते मुद्दाम असेल.

माथ्यावर वारा होता. तळ्याचं पाणी शहारत होतं. आमचा मित्र दर वर्षी एका सपाट दगडावर बसून समोरच्या ब्रह्मगिरीचं चित्र काढायचा. बाबांना तो दगड बघायचा होता. मी दाखवला. ते त्यावर बसले. कारकुनाने भाकऱ्या सोडल्या, भांडीवाल्याने भरीत काढलं. मी ठेच्याचा डबा उघडायला खाली पाहिलं, आणि मान वर केली तर दगड रिकामा होता.

ते कड्याच्या टोकावर उभे होते.

मी धावलो नाही. धावलं तर काय होईल ते मला सांगता येत नव्हतं. चालत गेलो, शेजारी उभा राहिलो आणि काही न बोलता त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरला. ते फडकं सोडत होते. ओंजळभर शेवंती त्यांनी दरीत टाकली. खालून वर येणाऱ्या वाऱ्याने ती सगळी उचलली आणि परत आमच्या अंगावर फेकली. पिवळी फुलं त्यांच्या मुंडाशावर, माझ्या कोटावर अडकली. त्यांनी पुन्हा टाकली. पुन्हा परत आली.

"घेत नाय," ते म्हणाले.

मग बराच वेळ त्यांनी खाली पाहिलं.

"दर साली मी हितल्याला भ्यायचो," ते म्हणाले. "हितं पडंल, हितं पडंल. आनि त्यो घरात, खाटंवर. मी भ्यायचं ते भलत्यालाच भ्यालो, मास्तर."

मला पुस्तकांतलं पुष्कळ पाठ होतं, त्यातलं एकही वाक्य त्या कड्यावर म्हणण्यासारखं नव्हतं.

"सोडा धोतर," ते म्हणाले, "फाटंल." मी सोडलं नाही. जेवायच्या जागेपर्यंत सोगा तसाच धरून त्यांना आणलं. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

उतरायची वेळ आली तेव्हा भांडीवाला म्हणाला, "बाबांच्या खाली मी राहतो. माझा हात भक्कम आहे."

"नगं," बाबा म्हणाले. "खाली मास्तर. पोरगा सांगायचा, मास्तरांचे पाय मी लावतो म्हनून. कसं लावत्यात ते मास्तरांना ठावं आसंल."

मला ते ठाऊक नव्हतं. माझा पाय कोणी कसा धरला हे मला ठाऊक होतं, स्वतः खाली कसं राहायचं हे नव्हतं. तरी मी हो म्हणालो. भांडीवाला सगळ्यांत खाली, मग मी, वर बाबा आणि सगळ्यांत वर कारकून, असे आम्ही उतरू लागलो. बाबांना मी नियम सांगितला. मी बोलेन, तुम्ही फक्त "टेकला" म्हणायचं. दोन्ही हात खोबणीत, काहीही झालं तरी.

डाव्या हाताने खोबण धरून मी उजव्याने त्यांची टाच पकडली. टाच भेगाळलेली, थंड आणि जड होती. "डावा. खाली. टेकला का?"

"टेकला."

"उजवा. खाली."

"टेकला."

वरच्या पायऱ्या झाल्या. आडवी वाट झाली. दरवाज्याखालचा मोठा उतार सुरू झाला. निम्मं अंतर गेलं असेल. मी घाईने एक पायरी कमी उतरलो. त्यांचा पाय खाली आला तो पायरीवर न टेकता माझ्या खांद्यावर टेकला.

"आरं आरं! पाय लागला!"

आणि त्यांनी उजवा हात खोबणीतून काढला.

मला खालून तो सुटलेला हात दिसला. त्यामागे नुसतं आकाश होतं. मला वाटलं, झालं. त्यांनी सोडलं. हेच करायला ते आले होते, आणि मीच त्यांना इथवर आणलं होतं. आमच्या मित्राच्या आईचा चेहरा मला समोरच्या कातळात दिसला, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला काहीच दिसलं नाही. मी डोकं आणि खांदा त्यांच्या पोटऱ्यांना लावून त्यांना सगळ्या जोराने कातळावर दाबलं.

मग ते गुडघ्यात वाकले आणि तो हात खाली आला. बोटं चाचपडत माझ्या खांद्याला लागली, वर गेली आणि त्यांच्या कपाळाला टेकली.

ते नमस्कार करीत होते. माणसाला पाय लागला की आपण सगळेच करतो तो नमस्कार. त्या उभ्या कातळावर, एका हातावर लोंबकळत.

"बाबा, हात!" मी ओरडलो. त्यांच्याशी मी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. "हात वर लावा! आधी हात लावा!"

"पाय लागला व तुम्हाला."

"लागू द्या! दोन्ही लागू द्या! हात लावा म्हणतो ना!"

त्यांचा हात खोबणीत गेला. कातळावर घासलेली बोटं मी पाहिली. वरून कारकुनाने विचारलं, "काय झालं रे?" खालून भांडीवाल्याने माझी पोटरी धरली होती. कधी धरली, ते मला कळलं नव्हतं.

मी तिथेच श्वास घेत राहिलो. त्यांचा पाय अजून माझ्या खांद्यावर होता आणि ते तो संकोचाने उचलायचा प्रयत्न करीत होते. मी तो धरला. "राहू द्या," मी म्हणालो. "मी खाली सरकतो. मग डावा." माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"डावा. खाली. टेकला का?"

त्यांची टाच मी पायरीवर ठेवली.

"टेकला," बाबा म्हणाले. ते रडत होते. श्रावणानंतर ते रडले नव्हते, असं त्याची आई सांगायची. त्या पायऱ्यांवर, कातळाला गाल लावून, ते मोठ्याने रडले, आणि प्रत्येक पायरीला मधेच थांबून "टेकला" म्हणत राहिले. मी एकही पायरी पुन्हा घाईने उतरलो नाही.

तळाला आल्यावर ते बसले. मीही शेजारी बसलो. त्यांनी माझ्या कोटाच्या खांद्यावरची माती झटकली.

"त्याला ह्ये रोज आसायचं?" त्यांनी विचारलं. "म्हंजी, दर साली? तुमचं वजन, ही भीती?"

"दर साली."

"आनि मी म्हनायचो, मजा मारायला जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने आम्ही नाशकात परतलो. मळ्याच्या फाटकाशी त्याची आई उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, नवऱ्याकडे नाही. मी मान हलवली. तिने त्यांच्या हातातलं रिकामं फडकं घेतलं आणि खरचटलेली बोटं पाहिली.

"ह्ये काय?"

"मास्तरांना पाय लागला," ते म्हणाले. "पानी तापव."

ती पाणी तापवायला गेली. थोड्या वेळाने ते विहिरीकडे चालू लागले, आणि चुलीपुढून उठून तिने त्यांना हाक मारली नाही. मी मात्र फाटकाशी उभाच राहिलो. विहिरीवरून बादलीचा आवाज आला, मग ते शेवंतीला पाणी घालताना दिसले, तेव्हा मी निघालो.

आता त्याचे आई-बाबा दोघेही नाहीत. हरिहरला मी त्यानंतर गेलो नाही. कधी कधी जिना उतरताना, अगदी शाळेचा लाकडी जिना उतरतानाही, उजव्या हाताची मूठ आपोआप वळते आणि तिच्यात ती थंड, भेगाळलेली टाच आहे असं वाटतं. मग मी थांबतो. ती टेकेपर्यंत पुढची पायरी उतरत नाही.