वाऱ्याच्या तोंडाला पेरणारी

धनत्रयोदशीच्या सकाळी माझी पेरणारी बाई डबीतून गायब झाली होती. डबी जागेवर होती, झाकण नीट बसवलेलं होतं, आणि आत काही नव्हतं.

पेरणारी म्हणजे फ्रान्सचं एक छोटं सोन्याचं नाणं. त्यांच्याकडे जुन्या काळी रोजच्या व्यवहारातल्या नाण्यावर एक बाई असायची. केस वाऱ्यावर, खांद्याला बियांची पिशवी, एक हात पुढे फेकलेला, मागे उगवता सूर्य. त्या जुन्या नाण्याच्या आठवणीत त्यांनी हे सोन्यात काढलं. पाच रुपयाच्या नाण्याहून लहान, आणि आरशासारखं लखलखीत. युरोपातली अशी स्मरणनाणी मी जमवते. ऑस्ट्रिया, जर्मनी, पोर्तुगाल, सगळी चांदीची. सोन्याची ही एकच. तिच्यासाठी मी किती दिवाळ्या नवी साडी घेतली नाही ते मला आणि माझ्या साडीवाल्यालाच ठाऊक.

मी राहात्यात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. नाणी हाताळताना तिथलेच हातमोजे घालते, कारण बोटाचा एक ठसा उमटला की अशा नाण्याची रया जाते. नवरा म्हणतो, "काय गं, शुगर वाढलीय का नाण्यावरच्या राजाची?" त्याला हसू दे. कारखान्याचं गाळप सुरू झालं की हवेत मळीचा वास येतो, त्या हवेनं चांदी काळवंडते, आणि मग माझं डोकं फिरतं. कपाट उघड, बघ, बंद कर, परत उघड. एका जागी बसणं मला जमतच नाही. माझी आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. लग्न झालं, केस पांढरे व्हायला लागले, भिंगरी काही सुटली नाही.

लग्नाचं सांगायलाच हवं. मी नगरच्या कारकुनी-मास्तरकीतल्या घरातली, नवरा इकडचा बागायतदार. आम्ही आमच्या मनानं लग्न केलं. सासूबाईंनी विरोध केला नाही, पण कौतुकही केलं नाही. पहिल्या दिवाळीला मी दारात लक्ष्मीची पावलं काढली ती चुकून बाहेर तोंड करून. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "लक्षुमीला भाईर घालवतीस व्हय गं?" सगळ्या जावा-नणंदा हसल्या. मी पावलं पुसली, परत काढली. पण ते वाक्य काही पुसलं गेलं नाही.

आणि त्यांची पुतळ्यांची माळ. या घरात ती सासूकडून थोरल्या सुनेला जाते, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळी-पाडव्याला. थोरली सून मी. तो पाडवा आला आणि गेला. त्यानंतरचेही कितीतरी आले आणि गेले. माळ त्यांच्या ट्रंकेतच राहिली, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला दागिन्यांचा सोस नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. खोटं होतं ते. मला माळ नको होती, पण ती मला दिली जायला हवी होती.

तर त्या सकाळी मी घर डोक्यावर घेतलं. कपाट रिकामं केलं, गाद्या उलट्या केल्या, तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. घंटागाडीची वेळ व्हायच्या आत कचऱ्याचा डबा अंगणात पालथा केला. नवरा कंदील लावत होता, त्याला म्हणाले, "अरे, तू घेतलंस का? खरं सांग." एरवी सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, तेही सुटलं.

"मी कशाला घेऊ? तुझ्या बाईला माझ्याकडे काय काम?"

सासूबाई ओसरीवर करंज्यांना मुरड घालत होत्या. कपाटाची किल्ली देवघराच्या खिळ्याला असते, हे घरात सगळ्यांना माहीत. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आई, माझ्या कपाटाला कुणी हात लावला होता का?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "सापडंल की. घरातली वस्तू जाती कुठं?"

बस्स, एवढंच. माझा संशय तिथेच पक्का झाला, आणि त्यानं मी दोन दिवस जळत राहिले. लॅबमध्ये एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नळीला लावता लावता वाचले. लक्ष्मीपूजनाला पावलं काढली तीही दात-ओठ खात. पूजेत सासूबाईंनी त्यांचे जुने चांदीचे रुपये मांडले. माझी नाणी मी मुद्दाम कुलपात ठेवली. मागे एकदा त्यांनी माझं एक ऑस्ट्रियन नाणं चिंचेनं घासून लख्ख केलं होतं, प्रेमानं. नाणं कामातून गेलं होतं. आता सोन्याचं काय केलं असेल, या विचारानं आरतीच्या टाळ्यासुद्धा चुकत होत्या.

पाडव्याला सकाळी नवऱ्याला ओवाळून झालं, तेवढ्यात बाजारपेठेतला आमचा सोनार स्वतः दारात आला. धनत्रयोदशीच्या गर्दीत राहून गेलं म्हणाला, आणि सासूबाईंच्या हातात लाल पुडी देऊन चहा न घेताच गेला. सासूबाईंनी मला हाक मारली. "हिकडं ये. पाटावर बस."

पुडीत माळ होती, आणि माळेत, बाकीच्या पुतळ्यांच्या रांगेत, माझी पेरणारी. डोक्यावर डाख देऊन बसवलेली कडी. लखलखाट गेलेला. कडेला डाखाचा काळसर डाग.

मला ओरडायचं होतं. तोंडून फक्त "आई, हे काय केलंत?" एवढंच निघालं.

"एक पुतळी कमी हुती गं," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा पोटात हुता तवा कापणीत कुठं पडली, सापडलीच न्हाई. अपुरी माळ सुनंला देत्यात व्हय? लोक काय म्हंतील, ती काय म्हनंल. दुसरी करायची म्हनलं तर दर वर्सी कायतरी निघायचं. कधी हिरीचं खोदकाम, कधी तुझ्या नणंदंचं लगीन. मग ऱ्हाऊनच गेलं."

"पण माझं नाणं..."

"तूच म्हनली हुतीस न्हवं, पुतळी बी आदी तिकडूनच यायची म्हनून?"

म्हणाले होते. गेल्या उन्हाळ्यात, शेंगा फोडता फोडता. की पूर्वी व्हेनिसची सोन्याची नाणी जहाजानं इकडे यायची, आपले सोनार त्यांना कडी लावून माळेत ओवायचे, आणि पुतळी त्यातूनच आली. मला वाटलं होतं, त्यांचं लक्ष शेंगांत आहे. त्या वेळी मी हे नाणंही दाखवलं होतं, डबीतूनच, बोट न लावू देता. डबी डोळ्यांजवळ धरून त्या म्हणाल्या होत्या, "खुळी हाय का ही? वाऱ्याच्या तोंडाला कोन पेरतं? सगळं बी हिच्याच अंगावर यील की." मी हसून डबी काढून घेतली होती.

आता मी रडत होते, आणि नाण्यासाठी रडते आहे की कशासाठी, हे माझं मलाच कळत नव्हतं. नाण्याचा राग होता. अजूनही आहे. विचारायला हवं होतं त्यांनी. पण विचारलं असतं तर मी दिलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

सासूबाईंनी माळ हातावर पसरली आणि बोटानं चाचपत पेरणारीपाशी आल्या. "सोनारानं पयल्यांदा ह्या बाजूला ववली हुती. म्हनलं, न्हाई, तिचं तोंड भाईर व्हतंय. म्या परत उसवून घेतलं, म्हनून तर दोन दिस गेलं. आता बघ, आत चालती."

मी पाहिलं. खरंच, ती माळेच्या मधल्या पदकाकडे तोंड करून चालली होती.

"घरातली बाई हाय ती," त्या म्हणाल्या. "आत चालती पायजे."

त्यांनी माळ माझ्या गळ्याभोवती धरली, पण त्यांच्या बोटांना मागचा फासा लागेना. मी पाटावर वळून बसले आणि त्यांच्यासाठी केस वर धरले.