आवडाबाईंची साक्ष

आवडाबाई औरंगपुऱ्यात साडीच्या दुकानापुढं मशीन टाकून फॉल-पिको करायच्या. शेजारी अझहर बांगड्यांची गाडी लावायचा. एका दुपारी भरधाव टेम्पो त्याच्या अंगावर गेला. चालक खाली उतरला, अझहरकडं बघितलं आणि गल्लीत पळाला. त्याचा चेहरा पाहिला तो एकट्या आवडाबाईंनी. पोलिसांनी पुढं एकाला धरलं, बाईंचा जबाब घेतला. अझहर वाचला नाही. त्याच्या आईला, गुलशनला, बाईंनी शब्द दिला, कोर्टात मी सांगीन.

खटला उभा राहायला वर्षं गेली. तोवर बाईंचे गुडघे गेले, मशीन सुटली, मुलगा कृष्णा त्यांना वाळूजला घेऊन गेला. समन्स मात्र जबाबातल्या जुन्या पत्त्यावरच गेलं. घरचं कोणी भेटलं असतं तर शिपायानं सही घेऊन प्रत दिली असती. खोलीला कुलूप, म्हणून दारावर चिकटवून तो परतला. कोर्टाच्या लेखी समन्स पोचलं. तारखेला साक्षीदार आली नाही, तेव्हा जामीनपात्र वॉरंट निघालं.

वाळूजला पोलीस दारात आला तशी सगळी गल्ली बाहेर आली.

"मी काय केलं रे बाबा?" बाईंनी विचारलं.

गुन्हा काही नाही, पण जामीन द्यावा लागेल, तारखेला यावंच लागेल, असं त्यानं समजावलं. कृष्णा जामीन राहिला.

न्यायाधीशांनी पत्त्याची हकीकत ऐकून वॉरंट रद्द केलं. पण आरोपीचा वकील आला नव्हता. पुढच्या तारखेला साहेब रजेवर. अखेर बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, तेव्हा सरकारी वकिलांनी विचारलं, तो माणूस इथं आहे का?

समोर जाडजूड, टक्कल पडलेला माणूस बसला होता. बाईंच्या डोळ्यांपुढं होता तो काटकुळा, दाट केसांचा पोरगा. व्हय म्हणायला जीभ धजेना, नाय म्हणावं तर मागं गुलशन बसलेली.

"ह्योच आसंल," त्या म्हणाल्या. "पण शपथंवर नाय सांगता येत."

बाहेर त्यांनी गुलशनचा हात धरला. "आपा, मी पाहिला व्हता त्याला."

"मालूम है, बाई," गुलशन म्हणाली आणि हात सोडवून जिना उतरली.

निकाल साक्षीदाराला कोणी कळवला नाही. कृष्णानं चौकशी केली तेव्हा समजलं, ओळख पटली नाही म्हणून आरोपी सुटला. गुलशनला भेटून येते म्हणून बाईंनी चप्पल घातली आणि उंबऱ्यावरच बसून राहिल्या.