अण्णांच्या बोटीची घंटा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवते. नवरा म्हणतो, तुला घाबरून भुतंच पळतील! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण माझ्या जिभेने चाखलंय, काय करू?

माझे वडील, अण्णा, महायुद्धात नेव्हीत होते. बोट मात्र मासेमारीची — तिची जाळी काढून समुद्रातले सुरुंग काढायची तार बसवली होती. "मासे राहिले बाजूला, आम्ही मरण पकडत फिरायचो," असं हसत सांगायचे. युद्धानंतर बोट तोडली, तेव्हा तिची पितळी घंटा साहेबाने अण्णांना दिली. पंचवटीतल्या आमच्या घरी ती दाराशी टांगलेली असायची. अण्णा स्वतः चिंच लावून घासायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, घंटा घेऊन गेला. मुंबईच्या म्युझियमला देतो म्हणाला. परत येऊन सांगतो कसा, "अण्णा, काचेच्या कपाटात ठेवलीय. खाली तुमचं नाव!" अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. घंटा बघायला जायचं म्हणून नवा सफारी शिवून घेतला. दादा मात्र आज नेतो, उद्या नेतो करत राहिला.

मग गंगापूर रोडला दादाच्या बंगल्याची वास्तुशांत झाली. जेवायला बसलो, वहिनीने नव्या पितळी तांब्यातून अण्णांना आणि मला पाणी दिलं. मी घोट घेतला आणि... शी! खारट, अगदी जीभ चरचरली.

"वहिनी, मीठ टाकलंस की काय?"

तिने तांब्या विसळून माठातलं पाणी पुन्हा भरलं. पुन्हा खारट! माठातलं मात्र गोड.

"अगं बाई, नवा कोरा आहे! ती जुनी घंटा ओतून यांनी मुद्दाम करून घेतला..." वहिनी बोलून गेली. दादाचा चेहरा खाडकन उतरला.

अण्णांनी फुलपात्रातलं पाणी शांतपणे संपवलं. "समुद्राचं आहे," म्हणाले. मग दादाकडे बघून, "काच लावायची राहिली का रे?"

मला दादाच्या एक कानाखाली ठेवून द्यावीशी वाटली. इतकं खोटं, तेही अण्णांशी?

दुसऱ्या दिवसापासून त्या तांब्यातलं पाणी साधं लागतं. कल्हईचा दोष, पितळेचा दोष... लोकांचं सगळं सांगून झालं. मला एकही पटत नाही.

त्या दिवशी परतताना रिक्षात अण्णा एवढंच बोलले, "तो सफारी बाहेर काढ गं. उद्या भाजी आणायला घालून जातो."