वाचक चिडावेत म्हणून

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला मी कळू दिलं नाही. ज्या एका बाईला माहीत आहे, तिच्यासमोर मी सरळ नाकारलं. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर आजही बोलले नसते.

मी गोष्टी लिहिते. मोबाइलवर, एका ॲपवर, टोपणनावानं. माधवनगरला आमचं घर आहे. नवरा आणि सासूबाई समजतात मी फोनवर रेसिपी बघत बसते. दुपारी घर झोपलं की मी एक भाग टाकायचे आणि मग — मग फोन खाली ठेववायचा नाही. भाजी चिरताना एक डोळा त्याच्यावर. कुणी वाचलं? किती तारे दिले? खाली काय लिहिलं?

लिहिणाऱ्याला हळूहळू एक वाईट विद्या येते. ‘छान’ म्हणजे वाचलेलंच नाही. ‘सुंदर भाग, पुढचा लवकर टाका’ म्हणजे बाई दहा ठिकाणी हेच लिहीत फिरतेय, मीही तिच्या कथेला असंच लिहावं म्हणून. पण कुणी पात्राचं नाव घेऊन भांडलं, ‘शालिनीनं असं करायला नको होतं’ म्हणालं, तर समजायचं — हिनं वाचलं. हिला झोंबलं. मला असं कुणी म्हणत नव्हतं. मला सगळे ‘छान’ म्हणत होते. दोन वर्षं नुसतं छान, छान. तुम्हाला वाटेल, यात काय दुःख? मला ते थुंकल्यासारखं वाटायचं.

आता वहिनीबद्दल सांगते.

माझं माहेर वडूजजवळ. थोरला भाऊ फौजेत होता. त्याची बायको कस्तुरी, जतकडची. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायची, मी नणंद म्हणून मला ‘वन्सं’ म्हणायची. मूल नव्हतं. दादा वाईट होता असं नाही — पण रजेवर आला की घर शिस्तीत उभं करायचा. चहा गार झाला की कप अंगणात. दळणाला गेली तर उशीर का झाला? फोनवर कुणाशी बोललीस? हात कधी उचलला नाही. आम्ही सगळे तेवढंच सांगायचो, हात कधी उचलला नाही म्हणून.

रजेवर असतानाच औंधच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली आणि तो गेला. गावानं मोठी अंत्ययात्रा काढली. तेरावा झाल्यावर परड्यात भांडी घासताना वहिनी माझ्याशी बोलली. हळू आवाजात, राखेनं पातेलं घासत.

“वन्सं, कुनाला सांगू नगा. ते आले की रजा कवा संपती त्येची वाट बघायची मी. आता वाट बघायची न्हाई. काल लय दिसांनी झोप लागली मला.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, नाही सांगत कुणाला.

आणि मी ते लिहिलं.

लगेच नाही. वर्षभर थांबले — म्हणजे तेवढी लाज होती. मग ‘शालिनी’ नावाची कथा सुरू केली. जवानाची बायको. सुरुवातीला तिच्या बाजूनंच लिहीत होते, खरं सांगते. तिचं घाबरणं, तिचं गप्प बसणं. वाचक? छान. सुंदर भाग. मग एका भागाच्या शेवटी मी ते वाक्य ठेवलं. नवरा गेला आणि तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. एवढंच. भाग तिथंच संपवला.

संध्याकाळपर्यंत फोन थांबेना. ‘लाज वाटत नाही का असल्या बाईला?’ ‘देशासाठी झिजणाऱ्याच्या घरात ही अवदसा.’ ‘असली बाई मेलेली बरी.’ मी गॅससमोर उभी राहून वाचत होते, आमटी उतू गेली. घाबरले असेन असं वाटतं ना तुम्हाला? मी खूश झाले. पहिल्यांदाच लोक माझ्या पात्राचं नाव घेत होते.

मग मी काय केलं? शालिनीची बाजू घेतली? नाही. ते बघत होते तिच्यात खोट, मी खोट पुरवली. वहिनीचा एक मामेभाऊ जत तालुक्यात पाण्याचा टँकर चालवतो. दादा गेल्यावर तो अधूनमधून यायचा, बहिणीला जोंधळ्याचं पोतं टाकून, चहा पिऊन जायचा. मी तो टँकर कथेत आणला. शालिनीला त्या टँकरवाल्याच्या शेजारी बसवलं. ‘मला वाटलंच होतं!’ — कितीतरी जणांना वाटलंच होतं. लोकांना त्यांचा अंदाज खरा झालेला किती आवडतो!

त्या गर्दीत एक प्रतिसाद वेगळा होता. नाव नाही, फोटो नाही. ‘ती तशी न्हवती. तिचं वाईट करू नका.’ त्या ‘न्हवती’वरून मी वहिनीला ओळखलं; तीही हे ॲप वाचत होती तर. दुसऱ्या कुणाला हे सांगितलेलं नव्हतं तिनं. कथा कुणाची आणि कुणी लिहिली, तिला कळायला वेळ लागला नसणार. वाचक तिच्यावर तुटून पडले. ‘तुम्हीच शालिनी का?’ म्हणून हसले. मी ते थांबवू शकत होते. त्याऐवजी लेखिका म्हणून खाली लिहिलं: ‘कथा पूर्णपणे काल्पनिक आहे. कृपया कथेचा आनंद घ्यावा.’ आणि हात जोडल्याचं चित्र. माझ्या त्या उत्तराला कथेपेक्षा जास्त अंगठे मिळाले.

पुढं व्हायचं ते झालं. चुलतभावाची बायको अश्विनी त्याच ॲपवर वाचायची. फौजी, औंधचा रस्ता, जतची बायको, टँकर — तिनं कथा घरच्या ग्रुपवर टाकली. मी गावाचं नावसुद्धा धड बदललं नव्हतं. इतका आळस? की कुणीतरी ओळखावं असं वाटत होतं मला? हे मला अजून कळलेलं नाही.

वडिलांनी मलाही बोलावून घेतलं. बाहेरच्या सोप्यात चुलते, अश्विनी, आई. वहिनी आतल्या दाराशी उभी. वडिलांनी विचारलं, “ह्ये घरातलं बाहेर कुनी नेलं?”

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ती वाट बघत होती — मी बोलेन म्हणून.

मी बोलले. म्हणाले, “वहिनीच कुणाजवळ बोलल्या असतील. मामेभावाशी बोलणं असतंच की त्यांचं.”

हे मी म्हणाले. कुणी मला भरीला घातलं नव्हतं. कुणाचा संशयही माझ्यावर नव्हता. नुसती गप्प बसले असते तरी माझं काही बिघडलं नसतं. पण मी तिचं आणि त्या माणसाचं नाव एका वाक्यात घेतलं, आणि सोप्यातल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. जतकडं मामेभावाशी सोयरीक होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी कथा त्या क्षणी घरात खरी ठरली.

वहिनी दारातून आत गेली. माझं नावही घेतलं नाही. तिचं कुणी ऐकलं नसतं, हे तिला माझ्याआधी कळलं असावं. चुलते म्हणाले, काही दिवस माहेरी जाऊ दे. तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. मामेभावाच्या बायकोनं घरात रान उठवलं, तो बहिणीच्या दारातून जायचा बंद झाला, असं ऐकलं. कथा मी पूर्ण केली. शेवटी शालिनीला एकटी पाडली. वाचकांना न्याय झाल्यासारखं वाटलं. माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली कथा आहे ती, अजून तिथंच आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली, तेव्हा वहिनी जतहून तिला बघायला आली. कुणी बोलावलं नव्हतं. आईचे पाय चेपत बसली. मग चहा करायला आत आली, तिथं मी होते. ओट्याशी दोघीच. तिनं साखरेचा डबा शोधला, जागा बदलली होती त्याची. माझ्याकडं न बघता म्हणाली,

“वन्सं, त्या दिशी बोलून झाल्यावर मी लय रडले हुते. ह्यांच्यासाठी रडले हुते. तेवढं लिवायचं ऱ्हायलं तुमच्याकडनं.”

मी काय म्हणाले असेन?

“मी कुठं काय लिहिते?” असं म्हणाले मी. “तुमचा काहीतरी गैरसमज झालाय.”

तिनं चहा गाळला, एक कप माझ्यापुढं सरकवला आणि आईचा घेऊन बाहेर गेली.

ती रडली होती. परड्यात, राखेनं भरल्या पातेल्यावर वाकून, तोंडात पदर कोंबून. मी तिला धरून बसले होते, माझा खांदा भिजला होता. लिहायला बसले तेव्हा हे सगळं मला आठवत होतं. आधी लिहिलंही होतं. मग परत वाचून बघितलं — ती रडली असं वाचल्यावर कुणी चिडलं नसतं. ‘छान’ म्हणाले असते. म्हणून मी ते पुसलं.