मामाने दिलेली परीक्षा

तिला सगळे बुकिंगबाई म्हणायचे. परदेशात इंग्रजी शिकायला निघालेल्यांची शाळा, आठवडे, राहायचं घर, सगळं ती एका टेबलावरून ठरवून द्यायची. स्वतः मात्र विमानाची पायरी चढली नव्हती. कुणी टोचलंच तर म्हणायची, "सुईण काय दर खेपेला स्वतः बाळंत होते?"

एका दुपारी एक शिंपीणबाई लेकीला घेऊन आल्या. लेक नर्स. आठ आठवड्यांची रजा कशीबशी मंजूर झालेली, पुन्हा मिळायची नाही. तेवढ्या दिवसांत इंग्रजी बोलता आलं तरच मोठ्या इस्पितळात जागा मिळणार होती. शाळेची चाचणी तिने घरूनच कॉम्प्युटरवर दिली होती. साठपैकी अठ्ठावन्न.

"वरचाच वर्ग धरलाय शाळेनं. तोच पक्का करा," आई म्हणाली.

बाईने गुण पाहिले, मग पोरीला इंग्रजीत विचारलं, "तुझी रात्रपाळी किती वाजता संपते?"

पोरीने आईकडे पाहिलं. आईने पंख्याकडे.

"चाचणी कुणी दिली?"

"मामा शेजारी बसला होता," पोर म्हणाली.

"नुसता बसला होता?"

"बटणं तोच दाबत होता. मी चहा करत होते."

"मग वर्गात मामालाच पाठवू. तू चहाच कर."

आई फणकारली. "हेडमास्तर आहे माझा भाऊ. भाचीची फजिती नको म्हणून केलं त्यानं."

"ताई, शेजारणीच्या मापाचा ब्लाउज लेकीला घालाल? ही परीक्षा पास-नापासाची नाही, मापाची आहे. वरच्या वर्गात ही आठ आठवडे मुक्यासारखी बसेल आणि रजा संपवून तशीच परत येईल."

तिने आईला बाहेरच्या बाकावर धाडलं नि पोरीला आपल्या खुर्चीत बसवून चाचणी पुन्हा, एकटीने द्यायला लावली. पाऊण तासाने आकडा आला, तेवीस. खालून दुसरा वर्ग. आत आलेल्या आईचा चेहरा पडला, पोरीचा नाही.

"आता त्या वर्गात जागा आहे का, ते विचारायचं," म्हणत बाईने शाळेला फोन लावला आणि रिसीव्हर पोरीच्या हातात दिला. "तूच विचार."

पोरीने घाम पुसला. मग एकेक शब्द जोडत, अडखळत सांगितलं, ते गुण मामाचे, माझे तेवीस, माझ्या वर्गात जागा द्या. पलीकडची बाई हसली, पण मग सावकाश बोलू लागली. पोरीने दोनदा "पुन्हा सांगा" म्हटलं, आपलं नाव अक्षर-अक्षर लावून सांगितलं आणि फोन ठेवला.

"मिळाली जागा. रजा सुरू होते त्याच सोमवारपासून."

"आणि मामाला काय सांगायचं?" आई पुटपुटली.

"त्याला मी सांगते," पोर म्हणाली.