बंद खाडीतले जिताडे

सिंगापूरला मी जिताडा या खाडीतल्या माशासाठी गेले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रायगडातल्या एका खाडीच्या मुखावर बांध घालून गोड्या पाण्याचा तलाव करायचं घाटत होतं आणि मासळीची जाणकार म्हणून मी त्या समितीवर होते. सिंगापूरने हेच केलंय, शिवाय बांधाबाहेर कांदळवन लावून मासेही परत आणलेत, असं आमच्या साहेबांनी कुठेसं वाचलं होतं. ते पाहून मला अहवाल द्यायचा होता.

विमानतळावर न्यायला माझा दादा आला. तो तुआसच्या गोदीत मरीन इंजिनिअर. वुडलँड्सला दहाव्या मजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटमधून जोहोरची सामुद्रधुनी दिसायची, करडी आणि सपाट. वहिनीने पहिल्याच जेवणाला सियाकापचं (आपल्या जिताड्याचं) कालवण केलं होतं. खाडीतला का, असं विचारल्यावर ती म्हणाली, पिंजऱ्यात वाढवलेला. इथे खाडीतला तिने दहा वर्षांत पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉ. लिम मला खाडीवर घेऊन गेल्या. विद्यापीठात शिकवणाऱ्या, साठीला टेकलेल्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. तरुणपणी त्यांनी कॅनडात सॅल्मन माशावर काम केलं होतं. सॅल्मन अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो, म्हणून तिकडे काही ठिकाणी जुने बांध फोडून खाड्या मोकळ्या करतात. जिताड्याचं उलटं. तो अंडी मुखाशी, खाऱ्या पाण्यात घालतो आणि पिल्लं वाढायला वर, गोड्या पाण्याकडे निघतात. इथे त्यांच्या वाटेत काँक्रीटचा बांध आणि लोखंडी झडपा होत्या.

बांधाबाहेर कांदळाची रोपं शाळेतल्या मुलांसारखी रांगेत उभी होती. जवळ गेले तर निम्मी वाळलेली. दगडाला चिकटतात तसल्या बारीक शिंपल्यांनी त्यांचे दांडे वेढले होते. जागा फार सखल होती. भरतीचं पाणी तिथून लवकर हटतच नसे. मग तिथे का लावली, असं मी विचारलं. नकाशावर तेवढीच जागा कोणाला नको होती, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

रविवारी वहिनी सोबत आली. मासळीबाजारात घासाघीस करून करून ती मलय बोलायला शिकली होती, आणि त्या जागेचा राखणदार युसुफ पाकचिक (काका) फक्त मलय बोलायचा. त्याचं गाव याच खाडीच्या काठी होतं. गाव उठलं, त्याला फ्लॅट मिळाला आणि आता तो जुन्या गावाच्या चिखलावर पगारी राखणदार होता. बकाउ (कांदळ) इथे कधीच नव्हता, तो वरच्या अंगाला होता, असं तो म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. मग त्याने वहिनीला काहीतरी विचारलं.

"तुमच्याकडची खाडी अजून उघडी आहे का, विचारतायत," वहिनी म्हणाली.

मी हो म्हटलं.

माझ्या मुक्कामातच डॉ. लिमच्या कितीतरी वर्षांच्या पत्रव्यवहाराला यश आलं होतं. ओहोटी लागताना एक झडप काही तास उघडायची परवानगी मिळाली होती. बाहेर जाळ्याच्या कुंपणात त्यांनी खुणा करून वाढवलेली जिताड्याची पिल्लं होती. झडप उघडली की ती गोड्या पाण्याच्या ओढीने वर जातील, असा त्यांचा अंदाज. मात्र त्यांनी वरची झडप मागितली होती आणि परवानगी तळाची मिळाली, कारण वरची दुरुस्तीला काढलेली. थांबा, असं मी सुचवलं.

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय," त्या म्हणाल्या. "माझ्यानंतर हे पत्र कोणी लिहिणार नाही."

त्यांनी सही केली.

सकाळी दहाच्या सुमाराला झडप उघडली. आधी नुसता आवाज आला, मग काळं पाणी. वर्षानुवर्षं तळाशी साचलेलं, कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारं. त्यात प्राणवायू नव्हताच. पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. बांधावरच्या माणसांना आम्ही हात केले, पण झडप खाली यायला वेळ लागला. पाकचिक छातीभर पाण्यात शिरला आणि चाकूने जाळं कापायला लागला. वाट मोकळी झाली, पण बाहेरही तेच पाणी होतं.

डॉ. लिम प्राणवायू मोजायचं यंत्र पाण्यात धरून आकडे सांगत होत्या, मी लिहीत होते. आकडे उतरत गेले. शेवटी सगळीकडे पांढरी पोटं तरंगायला लागली, तेव्हा त्यांनी विचारलं, "लिहिलंत ना सगळं?"

लिहिलं होतं. नंतर त्या काठावर बसल्या आणि बराच वेळ बूट काढायचा प्रयत्न करत राहिल्या. शेवटी पाकचिकने खाली बसून ते काढून दिले.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. प्रयोग फसला, झडप यापुढे बंदच राहील, असं त्यांना वरून कळवलं होतं. निर्णय आपला एकटीचा होता, असं त्यांनी अहवालात स्वतःहून लिहिलं होतं. मी काही समजुतीचं बोलायला गेले, तर त्यांनी मला माझ्या खाडीतल्या चिखलाबद्दल विचारलं.

परत आल्यावर मी पाहिलेलं सगळं लिहून दिलं. साहेबांनी ते समितीपुढे सावकाश वाचलं.

"पण झाडं लावलीयत ना त्यांनी?" ते म्हणाले.

"लावलीयत," मी म्हटलं. "पण मासे..."

त्यांनी पान उलटलं. बांध मंजूर झाला. माझा विरोध शेवटी परिशिष्ट म्हणून जोडला गेला आणि कांदळ लावायचं काम माझ्याकडेच आलं. मी ते घेतलं. दुसरा कोणी नकाशा पाहून जागा ठरवेल, ही भीती होती हे खरं. पण नाही म्हणायचं धैर्य नव्हतं, हेही तितकंच खरं. परदेशात जाऊन चूक डोळ्यांनी पाहिली की ती आपल्या हातून होणार नाही, असं मला जाताना वाटायचं. पाहणं एवढं पुरेसं नसतं.

एक मात्र केलं. रोपं मागवण्याआधी मी खाडीवरच्या कोळीवाड्यात गेले आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं, इथे आपला आपण कांदळ कुठे उगवतो? त्यांना विचारही करावा लागला नाही. सगळ्यांनी एकाच दिशेला हात केला.

ती जागा होणाऱ्या बांधाच्या आत, तलावाखाली जाणारी होती.