दफेदारांची मैना

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरला कोणी मोजत नाही, म्हणूनच त्याच्यासमोर सगळे सगळं बोलतात. डॉक्टर आले की मंडळी सावरून बसायची. आम्ही काढ्याची नळी धरून उभे, आमच्यापुढं कोण कशाला सावरणार? अशानं माझ्याकडं गोष्टी साचत गेल्या. बैलांच्या आणि म्हशींच्या ऐकाल तर पोट धरून हसाल. घोड्यांच्या सांगायला बसलो की मात्र माझंच हसू मध्ये अडतं. तरी सांगतो, तुम्ही मागेच लागलात म्हणून.

सिंदी रेल्वे या गावापासून दोन कोसांवर बापूसाहेब नावाच्या मालगुजारांची, म्हणजे जमीनदारांची, पागा होती. घोडे नऊ. त्यांना शिकवायला घोडदळाच्या रिसाल्यातून पेन्शनीत आलेले एक गृहस्थ ठेवले होते. नाव शेषराव, पण ते त्यांच्या लेकीलाही आठवत नसावं. तिथल्या हुद्द्यावरून सगळे दफेदारच म्हणत. ताठ माणूस, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी.

* * *

बापूसाहेबांनी एकदा मोठ्या हौसेनं एक कोवळी घोडी आणली. तीच मैना. आठ दिवसांनी विचारलं, कधी बसायचं? दफेदार म्हणाले, बघू. महिना झाला. दफेदार रोज तिच्यासोबत नुसते चालायचे, खांद्यावर हात ठेवून, दोन दोस्त बाजारात निघाल्यासारखे.

शेवटी बापूसाहेब भडकले. फाटकाशी पाहुण्यांसमोर म्हणाले, "दफेदार, मी घोडी घेतली का म्हैस?"

दफेदार म्हणाले, "बापूसाहेब, तिची पाठ अजून राजी नाई."

पाहुणे खो खो हसले. फाटकाबाहेरून मीही हसलो, खोटं कशाला बोलू? पण दोन महिन्यांनी दफेदार पहिल्यांदा तिच्यावर बसले, तेव्हा तिनं कानसुद्धा हलवला नाही.

* * *

पागेत किसन नावाचा मोतद्दार होता. म्हणजे घोड्यांचं खाणंपिणं, खरारा बघणारा. कामाला वाघ, डोक्यानं तापट. एकदा सुलतान नावाच्या घोड्याच्या तोंडावर त्यानं ठोसा मारला. त्या दिवसापासून कोणीही हात वर केला की सुलतान मान झटकून मागं सरायचा.

किसनला वाटलं, आता नोकरी गेली. दफेदारांनी त्याला एवढंच सांगितलं, की यापुढं सुलतानासमोर हात वर करायचा तो गुळाचा खडा देण्यासाठीच. रोज दहा वेळा. घोडा आपणहून मान खाली घालीपर्यंत.

किसनला तीन महिने लागले. एका सकाळी सुलतानला फाटकाबाहेर आणलं होतं, मी तिथंच होतो. किसननं हात वर केला आणि सुलताननं मान खाली घालून त्याच्या तळव्यावर ओठ ठेवले. किसन दफेदारांकडं वळला.

"दफेदार," तो म्हणाला, "माहा पोरगाबी माह्या हाताले असाच भेते."

दफेदार खरारा करत होते. तो न थांबवता म्हणाले, "मंग गूळ घेऊन जाय घरी."

* * *

आता एक किस्सा माझ्यावरचा. आम्ही त्या वेळी अजून धम्म घेतला नव्हता, आणि मालगुजारांच्या फाटकाच्या आत आमच्या लोकांना पाय ठेवता येत नसे. औषध घेऊन गेलो की बापूसाहेबांचे दिवाणजी मला बाहेरच थांबवायचे. औषध आत जाईल, तू नाही!

पहिल्याच खेपेला एका घोड्याचं पोट फुगलं होतं. दिवाणजींनी हुकूम केला, कंपाउंडरनं बाहेरून सांगावं, मोतद्दारानं आत पाजावं. दफेदार पागेत गेले. घोड्याचा दोर सोडला आणि त्याला घेऊन सरळ फाटकाबाहेर लिंबाखाली, माझ्यासमोर, येऊन उभे राहिले.

दिवाणजी ओरडले, हे काय चाललंय? दफेदार म्हणाले, "घोड्याले बाहेरच बरं वाटते."

पुढची सात वर्षं त्या पागेतला कोणताही घोडा फाटकाच्या आत आजारी पडला नाही. साधी शिंक आली तरी दफेदार त्याला लिंबाखाली आणायचे. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई हसता हसता रडली होती.

* * *

मग कायदा आला आणि मालगुजारी गेली. बापूसाहेबांनी घोडे विकायला काढले. सुलतान सिंदी स्टेशनवरच्या एका टांगेवाल्याकडं गेला.

पंधरा दिवसांत टांगेवाला त्याला घेऊन आमच्या दवाखान्यात हजर. पाठभर वळ. म्हणाला, तपासा याला, हा बहिरा आहे. हाक मारा, शिव्या द्या, चाबूक ओढा, जागचा हलत नाही.

योगायोगानं दफेदार माझ्याकडंच बसले होते. ते उठले आणि त्यांनी सुलतानच्या कानामागं बोट फिरवलं. पाठीवरचे वळ बघितले. मग टांगेवाल्याला म्हणाले, "बहिरा नाई गा. त्याच्यासंगं आजवर कोणी ओरडून बोललंच नाई. तू काय म्हणून राह्यला, ते त्याले समजत नाई."

टांगेवाला बिचारा वाईट नव्हता. त्यानं विचारलं, मग काय करू? मला पोटाला तर पाहिजे.  आपण घोड्याला गोड भाषा शिकवली आणि ती बोलणारा माणूस त्याला दिला नाही, हे दफेदारांच्या मनाला फार लागलं. मला म्हणाले, कंपाउंडर, आठांचं काय झालं ते झालं. मैनेच्या अंगाला मात्र चाबूक लागू द्यायचा नाही.

* * *

मैना तेवढी उरली होती. दफेदार स्वतः लेकीकडं बोरगावात राहायला गेले होते, दोन खोल्यांत. तिथं घोडी कुठं बांधणार? पण बापूसाहेबांनी शब्द दिला होता, की दफेदार म्हणतील त्यालाच मैना द्यायची.

दफेदारांनी गिऱ्हाइकांसाठी परीक्षा काढली. लगामाची वादी आणि तोंडातली कडी यांच्यामध्ये ते कच्च्या सुताचा एकेरी धागा बांधायचे. मैदानाला एक फेरी मारायची. ताण पडून सूत तुटलं तर घोडी मिळणार नाही. मैना लगामावर चालतच नव्हती म्हणा. बसणाऱ्यानं कंबर जरा सैल केली की थांबायची.

एका कापसाच्या जिनिंगवाल्याचे चिरंजीव आले, चकाचक बूट घालून. त्यांनी बसल्या बसल्या सूत तोडलं! एक जमादारसाहेब आले, त्यांचं वळणावर तुटलं. म्हणाले, कच्चं सूत लावता, पक्कं लावा की. दफेदार म्हणाले, पक्क्यानं हात कळत नाई.

मग वर्ध्याचा गोविंदा आला. लग्नात नवरदेवाला बसवायची घोडी पुरवणारा. मैना जागच्या जागी गुडघे उचलत दुडकी धरते, हे त्यानं ऐकलं होतं. ताशा वाजला की अशी घोडी नाचते असंच लोकांना वाटणार. इतर ठिकाणी घोडीला ही चाल नडग्यांवर काठ्या मारून शिकवतात. इथं तर ती आयतीच येत होती. गोविंदानं फेरी मारली, धागा जसाच्या तसा!

दफेदारांनी त्याच्याकडून वचन मागितलं. गोविंदा मनापासून म्हणाला, "काका, जे नाचूनच राह्यली तिले कोण मारन?"

मैना गेली. त्यानंतर दफेदार तिचं नाव काढत नसत.

* * *

आम्ही धम्म घेतल्याला दुसरं वर्ष होतं. धाकट्या भावाचं लग्न निघालं, दफेदार राहत त्या बोरगावातच. लग्न साधंच करायचं ठरलं होतं, पण बाबा एका गोष्टीवर अडून बसले.

"मी पायी गेलतो माह्या लग्नात," ते म्हणाले. "तो घोड्यावर जाईन."

मी गोविंदाला सांगून मैना आणवली. चार वाजता वरात निघाली. ताशा वाजू लागला, मैना पाय उचलू लागली, पाठीवर माझा भाऊ पांढऱ्या कपड्यांत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव जमलं. आमच्यातला कोणी घोड्यावर बसून त्या चौकातून पूर्वी कधी गेला नव्हता. बाबांची मान अशी ताठ मी जन्मात पाहिली नव्हती.

दफेदारांना मी आमंत्रण दिलं होतं. घोडी कोणती, ते सांगायला मला धीर झाला नव्हता. ऐन चौकात ते गल्लीतून बाहेर आले आणि समोर उभे राहिले. मैनेनं त्यांना पाहिलं आणि ती थांबली.

ताशेवाल्यांनी जोर केला. गोविंदानं चुचकारलं. मैना हलेना. दफेदारांवरून तिची नजर हलत नव्हती. ओट्यावरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "घोडीलेबी समजते, वर कोण बसलं ते."

हशा पिकला. बाबांची मान खाली गेली. घाबरलेल्या गोविंदानं कोणाच्या तरी हातातली छडी ओढून घेतली आणि मैनेच्या पुठ्ठ्यावर सपकन मारली.

मैना थरथरली. पळाली नाही, उधळली नाही. हे काय होतं, ते तिला कळलंच नाही. गोविंदानं दुसऱ्यांदा हात उचलला आणि दफेदार पुढं झाले. मला वाटलं, आता ते छडी हिसकावतात.

त्यांनी गोविंदाकडं पाहिलंसुद्धा नाही. मैनेला ही चाल त्यांनी पायीच शिकवली होती. तिच्या खांद्याशी उभं राहून स्वतः गुडघे उचलायचे, एक हा, एक तो, आणि तिनं बघून बघून उचलायचे. ते तिच्या खांद्याशी जाऊन उभे राहिले. हात तिच्या मानेवर ठेवला. आणि साठी उलटलेला तो ताठ माणूस भर चौकात, ताशाच्या ठेक्यावर, गुडघे उचलू लागला.

मैनेनं एक पाय उचलला, मग दुसरा.

हसणारे जास्तच हसायला लागले. म्हातारा दारू पेला, दफेदार पेला, असा गलका झाला. दफेदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते गुडघे उचलत पुढं सरकत होते.

बाबांनी आपला फेटा काढून माझ्या हातात दिला. घोडीच्या दुसऱ्या बाजूला गेले, तिच्या मानेवर हात ठेवला आणि दफेदारांकडं बघून बघून तसेच गुडघे उचलू लागले.